बॅटन आत होतं

आई,

तुझ्या बैठकीला चौधरी सर बोलायला उभे राहिले तेव्हाच मला कळलं, आता ते तीच गोष्ट सांगणार.

आपल्याकडे दहावा-तेरावा असतो, पण जयपूरमध्ये तिसऱ्या दिवशी 'तीये की बैठक' होते. कॉलनीतल्या लोकांनी बाबांना विचारलंसुद्धा नाही. हॉल ठरला, सतरंज्या आल्या, तुझा फोटो मोठा करून आला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. तुझ्या ओळखीचे वेगवेगळ्या शाळांचे पीटीआय आले होते. इथे पीटीच्या शिक्षकांना पीटीआयच म्हणतात. निम्मे रिटायर झालेले, पण सवयीने हात मागे बांधून ताठ उभे, प्रार्थनेला उभे राहावं तसे. त्यांच्यातल्याच चौधरी सरांनी हात जोडले आणि ते म्हणाले, "मैडम जैसी ईमानदार औरत मैंने नहीं देखी. जिले की रिले थी. सगी बेटी की टीम सबसे आगे, और मैडम ने लाल झंडी उठा दी. बेटी रोती रही, मैडम का हाथ नीचे नहीं आया."

लोक माना डोलवत होते. शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं मला भरून आलंय.

आलंच होतं. पण त्याच्या पाच दिवस आधी दवाखान्यातल्या खाटेवरून तू मला सांगितलं होतंस की त्या दिवशी तुला काही दिसलंच नव्हतं.

हे मी मराठीत लिहितेय, कारण तुझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडता येत नाही मला. मराठी मी शाळेत शिकले नाही. कानांनी तुझ्याकडून घेतली आणि अक्षरं हिंदीची वापरली. चुका असतील. तपासायला आता तू नाहीस.

बाबांची विमा कंपनीतली बदली इकडे झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. तू कराडची, शाळा-कॉलेजात खो-खो आणि धावणं दोन्ही खेळलेली. घर मिळालं दुर्गापुऱ्यात आणि नोकरी मिळाली झोटवाड्यातल्या मुलींच्या शाळेत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मलाही तिथेच घातलंस. रोज सकाळी दोन बस. बसमध्ये तू माझी आई होतीस. वेणी घालायचीस, साखर-पोळीची गुंडाळी हातात द्यायचीस, कंडक्टरच्या हेलाची नक्कल करून मला हसवायचीस. शाळेच्या फाटकाशी थांबून माझी रिबन नीट करायचीस आणि म्हणायचीस, "चल, आता मॅडम." त्या फाटकाच्या आत मी तुला बारा वर्षं कधी आई म्हटलं नाही. एकदा पडून गुडघा फुटला तेव्हासुद्धा मी "मॅडम, खून निकल रहा है" असंच ओरडले होते. घरी आल्यावर तू ती जखम पुन्हा उघडून धुतलीस आणि स्वतः रडलीस.

शनिवारचे शेवटचे दोन तास क्लबचे असायचे. मेंदी क्लब, पाककला क्लब, सायन्स क्लब पहिल्या दिवशीच भरायचे. तुझ्या अॅथलेटिक्स क्लबच्या कागदावर पाच नावं होती आणि त्यातलं माझं तूच लिहिलं होतंस. मग तू वर्गावर्गात फिरलीस. आठवीच्या वर्गात तू विचारलंस, "घर में भाई मारने आता है और जो भाग के बच जाती है, वो हाथ उठाए." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक हात वर आला. ती संतोष.

"आमच्याकडं संतोष मुलाचं नाव असतं गं," तू बसमध्ये मला सांगितलंस. "पण पळते बघ कशी. ह्या पोरीला वारं लागत नाही, तीच वाऱ्याला लागते." तू कुणाचं असं कौतुक करायची नाहीस. मला हेवा वाटला. पण आठवड्याभरात हेवा संपला, कारण संतोषबरोबर पळायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पळण्यात मजा असते.

तिचे वडील झोटवाड्यातच लेथवर लोखंडी सुटे भाग बनवायचे. इकडे त्याला खराद म्हणतात. ती घरून लोखंडाचा वास घेऊनच यायची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी गुंडाळलेली वही बॅटन म्हणून घेऊन व्हरांड्यात चालत चालत सराव करायचो. मी मागून 'ले' म्हणायचं, तिने न बघता हात मागे करायचा. तू शिकवलं होतंस, अगदी असंच: "पाय कुठंही असू देत, बॅटन रेषेच्या आत पाहिजे. बॅटनकडं बघायचं." नववी-दहावीपर्यंत असं झालं होतं की डोळे मिटूनसुद्धा मी तिच्या हातात वही देऊ शकायचे. माझ्या हाताला तिचा हात कुठे असतो ते ठाऊक होतं. त्या वयात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीची मला एवढी खात्री नव्हती.

याबद्दल मी तुझे उपकार मानते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कदाचित सांगवणार नाही. चुन्याच्या रेघा तू स्वतः वाकून मारायचीस. शाळेने बूट दिले नाहीत तेव्हा तू कुठून कुठून जुने मागून आणलेस, टाचेत कापूस भरून मुलींना घातलेस. संतोषच्या वडिलांना भेटायला तू तीनदा गेलीस. ते म्हणत होते, दहावी झाली की बस. तू त्यांच्याकडून एवढं कबूल करून घेतलंस की राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोरगी पोचली आणि तिथल्या स्पोर्ट्स हॉस्टेलने तिला निवडलं, तर ते अडवणार नाहीत. तिथे राहणं, जेवण, शाळा सगळंच हॉस्टेलचं. "बाप शब्दाचा पक्का आहे," तू परत येताना म्हणालीस. "आता पोरीनं पळायचं."

त्याच वर्षी ती तक्रार आली. रिलेच्या चौघींत निवड न झालेल्या एका मुलीचे वडील मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हणाले, पीटीआय मॅडमने आपली मुलगी घुसवली. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर तू आम्हा सात जणींना पळवलंस आणि घड्याळ तिसऱ्याच बाईंच्या हातात दिलंस. मी दुसरी आले. वाटलं, संपलं. पण बोलणं संपलं नाही. स्टाफरूममध्ये बायका तू आलीस की गप्प व्हायच्या. तू बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायला लागलीस. माझी वेणी मी स्वतः घालायला लागले.

जिल्ह्याच्या स्पर्धेला सगळ्याच शाळांचे पीटीआय पंच असतात. त्या दिवशी सकाळी शंभर मीटरमध्ये संतोष तिसरी आली. पुढे फक्त पहिल्या दोघी जाणार होत्या. म्हणजे आता उरली होती रिले. तिसरी मी, शेवटची संतोष. आणि आमच्या दोघींमधला बॅटनचा बदल जिथे व्हायचा, दोन रेघांमधल्या त्या पट्ट्यावर पंच म्हणून तुला उभं केलं होतं. तुझ्या हातात दोन झेंड्या. बदल बरोबर झाला तर पांढरी, पट्ट्याच्या बाहेर झाला तर लाल, आणि टीम बाद. ती जागा तंबूच्या अगदी समोर होती. तंबूत बसलेले चौधरी सर ओरडून म्हणाले, "आज तो झंडी घर की है, मैडम!" सगळे हसले. तूही हसलीस. मी लांबून पाहिलं, तू हसून झाल्यावर पदर दोनदा खोचलास.

मी बॅटन घेतलं तेव्हा आम्ही दुसऱ्या होतो. वळणावर मी पुढच्या मुलीला गाठलं. खुणेवर आले, संतोष सुटली, मी 'ले' म्हणाले, तिचा हात मागे आला, आणि मी बॅटन दिलं. आत. पट्ट्याची शेवटची रेघ अजून माझ्या पुढे होती. मी ती रेघ बॅटन दिल्यानंतर पाहिली. संतोष सरळ निघून गेली आणि सगळ्यांच्या पुढे दोरी तोडली. मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते, आणि वर पाहिलं तर तुझा हात वर होता. लाल.

चौधरी सर सांगतात ते खरं आहे. मी रडले. तुझा हात खाली आला नाही.

संतोष रडली नाही. तुझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मैडम, अंदर था." तू तिच्याकडे न बघता म्हणालीस, "बाहर था. जाओ."

त्या संध्याकाळी घरी मी तुझ्याशी जे भांडले ते शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

"आत होतं, आई. माझ्या हातात होतं ते. मला नाही कळणार?"

"तुला काय कळणार? तू पळत होतीस. मी उभी होते."

"मग कसं गेलं बाहेर? रोज जातं का?"

तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबवलंस आणि म्हणालीस, "ती आधी सुटली. संतोष. सकाळचं शंभर मीटर गेलं होतं ना, घाई झाली तिला. तू खुणेवर यायच्या आतच निघाली. म्हणून तू उशिरा पोचलीस तिच्यापाशी."

माझं भांडण तिथेच संपलं. कारण हे पटण्यासारखं होतं. आणि तू कधी खोटं बोलायची नाहीस. दहीसाखर हातावर घालताना पेपर सोपा जाईल असंसुद्धा तू म्हणायची नाहीस, म्हणायचीस, "अभ्यास केलास तेवढं येईल." चार दिवस मी तो क्षण डोळ्यासमोर आणत राहिले, आणि चार दिवसांनी मला खरंच आठवायला लागलं की संतोष आधी सुटली होती. रेघ माझ्या मागे होती. तिचा हात लांब होता. आई, मला ते दिसायला लागलं. जे झालंच नव्हतं ते.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती शाळेत येत नव्हती. अंगणात तिचे वडील बसले होते, त्यांच्यासमोरच मी तिला म्हणाले, "तू जल्दी भाग गई थी, संतोष. मम्मी ने देखा है. मम्मी झूठ नहीं बोलतीं."

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू भी?"

एवढंच. ती आत गेली. तिचे वडील माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं बेटा, गलती तो बच्चों से होती है." त्यांनी शब्द पाळला. राज्याची स्पर्धा नाही, हॉस्टेल नाही. दहावीनंतर संतोष शाळेत आली नाही. बारावीचा फॉर्म तिने घरून भरला म्हणे. मी पुढच्या वर्षी क्लब सोडला. का सोडला ते तू विचारलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, तू मला समजून घेतेस.

मग ती गोष्ट तुझी झाली. मुख्याध्यापिकांनी ती प्रार्थनेच्या वेळी सांगितली. तक्रार करणारे वडील स्वतः येऊन माफी मागून गेले. नव्या पीटीआयना ती शिकवणुकीसारखी सांगायचे. मी कुठे गेले, कुणी ओळखलं, की म्हणायचे, "अच्छा, तुम वो झंडी वाली मैडम की बेटी." मी अभिमानाने हो म्हणायचे. खरंच अभिमानाने. माझं हरणं तुझ्या मोठेपणाच्या कामी आलं, असं मी मला समजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू रिटायर झालीस, तेव्हा निरोपाच्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट निघाली. तुझ्या गळ्यात हार होता. तू हात जोडून हसलीस. मी टाळ्या वाजवल्या.

आणि या चौदा वर्षांत माझं काय झालं ते तुला ठाऊक होतं. ऑफिसात कुणी मला विचारलं की तू मेल पाठवली होतीस का, तर पाठवलेली असूनही पुन्हा उघडून बघते. दाराला कुलूप लावलं का, म्हणून जिन्यातून परत येते. तू मला हसायचीस. "मनू, तुझा तुझ्यावरच भरवसा नाही." आई, तो भरवसा कुणी घेतला होता?

दवाखान्यात त्या दुपारी तू बरी होतीस. मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू अचानक म्हणालीस, "मनू, त्या दिवशी मला दिसलंच नव्हतं गं."

"कुठल्या दिवशी?"

"रिलेच्या. बॅटन. मी बघतच नव्हते. चौधरी बघत होता माझ्याकडं तंबूतून, ते मी बघत होते. तुम्ही दोघी समोरून गेलात. पांढरी वर केली तर म्हणणार, घरची झेंडी. माझा हात वर गेला तेव्हा लालच वर गेली."

माझे हात तेलकट होते. ते कुठे पुसावेत ते मला कळेना.

"आणि संतोष आधी सुटली म्हणालीस?"

तू डोळे मिटलेस. "तू विचारतच राहिलीस. काहीतरी सांगायला लागणार होतं."

काहीतरी. मी बाहेर गेले. व्हरांड्यात पाण्याच्या मशीनपाशी बाटली भरत बसले, ती भरून वाहायला लागली तरी. तुला काय काय बोलायचं ते मी मनात मांडत होते. परत आले तेव्हा नर्स इंजेक्शन देत होती, तू झोपलीस. दुसऱ्या दिवशी मास्क लागला. मग तू बोलली नाहीस. माझं सगळं बोलणं माझ्याकडेच राहिलं.

तू आता ते सांगून मोकळी झालीस, असं मला वाटलं. शेवटच्या दिवसांत निदान एकदा तरी मला खरं सांगितलंस, यासाठी तुला माफ करावं असंही एकदा मनात आलं. तेरावा होईपर्यंत मी त्या विचाराला धरून होते. संतोषला मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी आता मीच होते. चौदाव्या दिवशी मी झोटवाड्याला गेले.

गल्ली तीच आहे. वडिलांचा खराद आता संतोष चालवते. लग्न जवळच झालंय, दोन मुलं आहेत, रोज सकाळी इथे येते. अंगावर निळा कामाचा कोट, हातात माप घ्यायचं कॅलिपर, दोन कारागिरांना सूचना देत होती. मला बघून ती थांबली. ओळखायला वेळ लागला नाही.

"मैडम का सुना," ती म्हणाली. "आना था. माल की डिलीवरी थी."

मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. बॅटन आत होतं. मम्मीने पाहिलं नव्हतं. संतोष, तू आधी सुटली नव्हतीस. मी तुझ्याशी खोटं बोलले, पण मला खरं वाटत होतं.

तिने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही आश्चर्य दिसलं नाही. मग म्हणाली, "यह तो मैडम दो साल पहले बता गई थीं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"रिटायर होने के बाद आई थीं. यहीं, बाहर खड़े होकर बोलीं. रोईं भी." तिने हाताने जागा दाखवली. "मैंने पूछा, मानसी को पता है? बोलीं, मैं बता दूँगी उसको. मैं दो-तीन महीने देखती रही कि तू आएगी. फिर सोचा, पता होगा, आना नहीं चाहती."

आई, दोन वर्षं.

दोन वर्षं तू माझ्याबरोबर चहा घेत होतीस. दिवाळीत करंज्या केल्यास. माझ्या बाजूला बसून टीव्हीवर धावण्याच्या शर्यती बघितल्यास आणि मला दाखवलंस की बघ, बदल कसा सुरेख झाला. आणि तिकडे एक बाई गल्लीत उभी राहून माझी वाट बघत होती, आणि तुला ते ठाऊक होतं. झेंडीचं मी समजू शकते. एका क्षणाची भीती होती, एका बाहेरून आलेल्या बाईची, जिच्याकडे सगळे बघत होते. संतोषवर ढकलणंही, फार जोर लावला तर, समजू शकते. पण तू तिच्याकडे जाऊन स्वतःचं ओझं उतरवलंस आणि मला तिथेच सोडलंस. मला वाटलं होतं दवाखान्यात तू मला पहिल्यांदा सांगितलंस. मी शेवटची होते.

"माफ किया तूने उनको?" मी विचारलं.

"उन्होंने पूछा नहीं," संतोष म्हणाली. "मैंने बताया नहीं. चाय पिला के भेज दिया."

मी जायला वळले. तिने मला थांबवलं.

"मुझे नहीं बताना था, मानसी. मुझे तो पहले दिन से पता था, मेरे हाथ में आया था वो. पापा को बता. तूने उन्हीं के सामने बोला था. मैंने मैडम से भी कहा था, अंदर चल के पापा को बोल दो. बोलीं, अगली बार."

तिचे वडील आत मशीनमागे खुर्चीवर बसले होते. चाळीस वर्षं लेथच्या आवाजात काढलेली, कान गेलेले. संतोषने हात वर करून दोन्ही मशीनं बंद करायला लावली. कारागीर बघायला लागले. मी जवळ जाऊन वाकून म्हणाले, "अंकल, मैं मैडम की बेटी." त्यांनी हात जोडले, तुझ्यासाठी हळहळले. मग मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. तेव्हा मी ओरडले. मशीनं बंद, गल्ली शांत, समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आलेला. मी ओरडून म्हणाले, "संतोष की गलती नहीं थी! मेरी मम्मी ने गलत झंडी दी थी! और मैंने झूठ बोला था!"

हे वाक्य मला तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला.

ते मुलीकडे वळून म्हणाले, "तू जल्दी नहीं भागी थी?"

संतोषने मान हलवून नाही म्हटलं.

"तो तूने उस दिन बोला क्यों नहीं?"

"बोला था, पापा," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण त्यांना ऐकू गेलं. "मैंने तो बोला था."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. संतोषने कारागिरांना खूण केली, मशीनं परत सुरू झाली. तिने मला फाटकापर्यंत सोडलं. "फिर आना" म्हणाली नाही. मीही येईन म्हणाले नाही. पण तिने माझा फोन नंबर मागून घेतला, आणि त्याच संध्याकाळी मला फक्त तिचा नंबर यावा म्हणून एक मिस कॉल दिला.

काल चौधरी सरांचा फोन आला होता. पीटीआय लोक तुझ्या नावाने जिल्ह्याच्या स्पर्धेत ईमानदारीची ट्रॉफी द्यायची म्हणतायत, त्यासाठी तुझा फोटो हवा. मी त्यांना सांगितलं, सर, ती झेंडी चुकीची होती. ते म्हणाले, "बेटा, अब मैडम रहीं नहीं. अब क्या फायदा." मी फोटो देणार नाही म्हणाले. बाबांनी बाजूच्या खोलीतून ऐकलं असावं. आज सकाळपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझी सगळी जुनी सर्टिफिकेटं काढून एकेक पुसत बसलेत.

आई, मला तुझा राग येतो, आणि राग आला की मी अजून तुझ्याकडेच निघते. जन्मभर काही करून आले की आधी तुला सांगायचे आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघायचे. त्या गल्लीत मी तुझं नाव घेऊन ओरडले, ट्रॉफी अडवली, बाबांना दुखवलं. ते बरोबर केलं का, हे मला फक्त तुलाच विचारायचं होतं.